अभयारण्याची शीव व शेतकऱ्याचा हक्क

ज्यांच्या जमिनी रानाच्या शिवेला लागून आहेत, त्यांना पेरणीच्या वेळीं पावसाबरोबर रानडुक्कर व रोही यांचाही हिशेब मनांत धरावा लागतो. हातातोंडाशीं आलेला हरभरा एका रात्रींत तुडविला जातो, गोठ्यांतील कालवड बिबट्या नेतो, आणि तक्रार करावयास निघालेला शेतकरी तलाठ्याकडून ग्रामपंचायतीकडे व तेथून वनखात्याकडे फेऱ्या घालीत राहतो. याचें एक कारण असें कीं, रान कोणाच्या हुकमतीखालीं आहे, तें कोणत्या कायद्यानें चालतें आणि त्या कायद्यानें शेतकऱ्यास काय दिलें आहे, याची माहिती आपल्या वर्गांत फार थोड्यांस असते. ती महाराष्ट्रापुरती येथें थोडक्यांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रानाचे प्रकार

महाराष्ट्रांतील सर्वांत जुनें राष्ट्रीय उद्यान म्हणजे ताडोबा. तें १९५५ सालीं जाहीर झालें. त्या वेळीं चांदा जिल्हा मध्यप्रदेशांत मोडत होता. सर्व देशाला लागू असा वन्यजीव संरक्षण कायदा मात्र १९७२ सालीं झाला. त्यांतील दोन शब्दांचा भेद शेतकऱ्यानें पक्का ध्यानांत ठेवावा. अभयारण्यांत जुने कांहीं हक्क पुढें चालूं ठेवण्याची मुभा जिल्हाधिकाऱ्यास आहे, व चराईवर नियमन असलें तरी ती सरसकट बंद नाहीं. राष्ट्रीय उद्यानांत ही मुभा नाहीं. तेथें गुरें चारण्यास पूर्ण मनाई आहे. व्याघ्र प्रकल्प हा तिसरा प्रकार. त्यांत आंतील गाभा क्षेत्र व त्याभोंवतीं बफर क्षेत्र असे दोन भाग असतात. बफरमध्यें गांवें व शेती कायम राहतात. मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, सह्याद्री, नवेगांव-नागझिरा व बोर असे सहा व्याघ्र प्रकल्प आपल्या राज्यांत आहेत.

जाहीरनामा व मुदत

राखीव जंगलाबाहेरील जमीन अभयारण्यांत घ्यावयाची असल्यास सरकार प्रथम कलम १८ प्रमाणें आपला इरादा अधिसूचनेनें प्रसिद्ध करतें. त्या दिवसापासून त्या हद्दींतील जमिनीवर वारसा अगर मृत्युपत्र यांखेरीज नवा हक्क कोणासही मिळत नाहीं. नंतर साठ दिवसांच्या आंत जिल्हाधिकाऱ्यानें आंतल्या व आसपासच्या प्रत्येक गांवीं लोकभाषेंत जाहीरनामा लावावयाचा असतो, आणि ज्याचा कांहीं हक्क असेल त्यानें जाहीरनाम्याच्या तारखेपासून दोन महिन्यांत लेखी मागणी करावयाची असते. पुढें जिल्हाधिकारी चौकशी करून हक्क मान्य करतो, अमान्य करतो, किंवा मोबदला देऊन जमीन घेतो.

आम्ही महसूल खात्यांत कारकुनी केली आहे, म्हणून आग्रहानें सांगतों कीं, दप्तराला तोंडी बोलणें ऐकूं येत नाहीं. पाणंद, विहिरीची वाट, कुरणाचा वहिवाटीचा उपयोग हीं आजोबांच्या वेळेपासून चालत आलेलीं असलीं, तरी दोन महिन्यांत कागदावर न आल्यास तीं पुढें सिद्ध करणें फार जड जातें.

या अधिसूचनेचें वजन किती असतें, हें माळढोक पक्ष्याच्या अभयारण्यावरून दिसतें. तें १९७९ सालीं जाहीर झालें तेव्हां सोलापूर व त्या वेळचा अहमदनगर या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारें ८,५०० चौरस किलोमीटर क्षेत्र त्यांत आलें. त्यांत मोठा भाग खासगी शेतीचा होता व जमिनीचे व्यवहार अडून राहिले. बऱ्याच वर्षांनीं तें क्षेत्र सुमारें १,२२० चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यांत आलें.

खात्याची रचना व काम

या कारभाराचा प्रमुख अधिकारी मुख्य वन्यजीव रक्षक होय. त्याची कचेरी नागपुरास आहे. व्याघ्र प्रकल्पावर क्षेत्र संचालक असतो. खालीं उतरत गेल्यास वनपरिक्षेत्र अधिकारी, वनपाल व वनरक्षक लागतात. शेतकऱ्याचा संबंध याच तिघांशीं येतो. वनरक्षकाकडे एक नियतक्षेत्र असतें. तें त्यानें पायीं फिरून पाहावयाचें, संरक्षण कुटींत मुक्काम करावयाचा, फासे व चोरतोड यांचा शोध घ्यावयाचा. उन्हाळ्यापूर्वीं जाळरेषा साफ करून वणवा अडविणें, पाणवठे भरणें, हरणांसाठीं कुरणें राखणें, हींही त्यांचींच कामें. रानांत गवत व पाणी टिकलें तर तृणभक्षी प्राणी शेताकडे कमी वळतात. म्हणून यांत आपलाही स्वार्थ आहे.

वाघांची मोजणी दर चार वर्षांनीं होते. झाडास बांधलेले कॅमेरे वाघ समोरून जातांच छायाचित्र घेतात, आणि प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असल्यामुळें तो ओळखतां येतो. या रीतीनें २००६ सालीं राज्यांत १०३ वाघांचा अंदाज निघाला होता. २०२२ सालीं तो ४४४ झाला. वाघ वाढले ही खात्याच्या कामाची पावती खरी. परंतु रान त्या प्रमाणांत वाढलेलें नाहीं, आणि तो ताण शिवेवरील गांवांस सोसावा लागतो.

शिवेवरील शेतकऱ्याचीं कर्तव्यें

अभयारण्यापासून पांच किलोमीटरच्या आंतील गुरांस सांसर्गिक रोगांच्या लसी टोंचण्याची व्यवस्था खात्यानें करावयाची आहे. लस न टोंचलेलें जनावर अभयारण्यांत चारावयास नेतां येत नाहीं. ही सोय हक्कानें मागून घ्यावी. तींत गुरांचें व रानांतील जनावरांचें सारखेंच हित आहे. दहा किलोमीटरच्या आंत राहणाऱ्या बंदूक-परवानाधारकानें अभयारण्य जाहीर झाल्यापासून तीन महिन्यांत आपलें नांव नोंदणीसाठीं द्यावयाचें असतें.

पीक नासणाऱ्या रानडुकरास अगर रोह्यास मारण्यासाठीं अधिकाऱ्याचा लेखी परवाना लागतो. वाघ, बिबट्या, अस्वल व गवा यांस केवळ पिकाच्या किंवा गुरांच्या नुकसानीवरून मारण्याचा परवाना मिळत नाहीं. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वांचवितांना सद्हेतूनें जनावर मारलें गेल्यास मात्र तो गुन्हा होत नाहीं. पण मेलेलें जनावर सरकारी मालमत्ता होय, व त्याची खबर ताबडतोब द्यावयास हवी.

नुकसानभरपाई

पीक, गुरें व मनुष्यहानि या तिन्हींबद्दल सरकार भरपाई देतें. २०२३ सालीं मृत मनुष्याच्या वारसांस द्यावयाची रक्कम पंचवीस लक्ष रुपये करण्यांत आली. पीक व गुरें यांचे दर शासननिर्णयानें वेळोवेळीं बदलतात. चालू निर्णयाची प्रत परिक्षेत्र कचेरींतून घ्यावी. मुदत थोड्या दिवसांची असते, म्हणून नुकसान झालें त्याच दिवशीं लेखी अर्ज देऊन पोंच घ्यावी. १९२६ या क्रमांकावर दूरध्वनीनेंही खबर देतां येते. पंचनामा होईपर्यंत मेलेलें गुरूं जागचें हलवूं नये, पिकांत नांगर घालूं नये. ठसे व नुकसान यांचीं छायाचित्रें काढावीं. सातबाऱ्यावर पिकाची नोंद आहे कीं नाहीं, हें आधींच पाहावें. २०२१ पासून ई-पीक पाहणीनें ही नोंद शेतकऱ्यास स्वतः करतां येते. नोंद कापसाची आणि भरपाई तुरीची, असा अर्ज कचेरींत टिकत नाहीं.

कांहीं लोक रागानें मेलेल्या गुरांत विष घालतात, तर कांहीं कुंपणांत घरगुती वीज सोडतात. वाघासारख्या प्राण्याच्या हत्येस तीन ते सात वर्षें कैद व कमींत कमी पंचवीस हजार रुपये दंड आहे. शिवाय त्या तारेला पहांटे पाणी द्यावयास निघालेला शेजारीही चिकटतो. सौर कुंपणाची रीत निराळी आहे. त्याच्या यंत्रांतून क्षणिक झटके येतात. जनावर बिचकून परततें, मरत नाहीं. राज्य सरकारनें २०१५ सालीं सुरू केलेल्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन वन विकास योजनेंतून अशीं कामें गांवच्या परिसर विकास समितीमार्फत घेतां येतात.

भरपाईनें सर्व झीज भरून निघते, असें आम्ही म्हणत नाहीं. थंडींत माचाणावर जागून काढलेल्या रात्रींची नोंद कोणत्याच पंचनाम्यांत होत नाहीं, आणि रान राखण्याचा लाभ सर्व प्रांतास असतां त्याचा भार मूठभर गांवांनीं उचलावा, हें न्यायाचें नव्हे. ही गोष्ट सरकारपुढें मांडावयाची तर हातीं आंकडे पाहिजेत. याकरितां शिवेवरील प्रत्येक गांवीं सोसायटीनें एक नोंदवही ठेवावी, आणि तींत नुकसानीची तारीख, गट नंबर, पीक, जनावर, अर्जाची पोंच व मिळालेली रक्कम लिहावी. तीन हंगामांची अशी वही ग्रामसभेपुढें व वनखात्यापुढें ठेवल्यास तिच्याकडे दुर्लक्ष करणें कोणासही सोपें जाणार नाहीं. येत्या रब्बीपासून हें काम हातीं घ्यावें, अशी आमची सभासद बंधूंस विनंति आहे.