चाळिसाव्या मिनिटाला तास का तुटतो?

कोरोनाच्या टाळेबंदीत हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव, कळमनुरीसारख्या तालुक्यांतल्या शाळाही मोबाईलवर आल्या आणि झूमच्या फुकट खात्याची मर्यादा घरोघरी कळली. ४० मिनिटं झाली की बैठक बंद. नेट गेलं असं वाटतं, पण तो कंपनीचाच नियम असतो.

दोघंच बोलत असतील तर चित्र एका फोनवरून थेट दुसऱ्यावर जाऊ शकतं. माणसं वाढली की मध्ये सर्व्हर लागतो. गुरुजींचं एक चित्र तो ३० मुलांना ३० वेळा पाठवतो. मुलांनीही कॅमेरे लावले, तर ३१ जणांना प्रत्येकी ३० चित्रं, म्हणजे एकाच वेळी ९३० प्रवाह! हा खर्च कंपनी सोसते आणि फुकटच्या वेळेला कात्री लावते. गूगल मीटनेही २०२१ मध्ये तिघांपासून पुढच्या बैठकांना ६० मिनिटांची हद्द घातली. झूमने मात्र जुलै २०२२ पासून दोघांच्या बोलण्यालाही ४० मिनिटंच ठेवली. त्यात खर्चापेक्षा पैसे भरायला लावण्याचा हिशेब मोठा, असं माझं मत आहे.

जित्सी हे अशाच व्हिडिओ बैठकांचं मुक्त सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं. तिथे अशी वेळेची अट नसते. हिंगोली जिल्हा परिषदेने शाळांसाठी ते जरूर बसवावं. तोवर शिक्षकांनी हजेरी आधीच घ्यावी आणि नवा धडा पहिल्या ३० मिनिटांत उरकावा.