तापमानवाढ : शंका घ्यावी कशी, तपासावी कशी?

उन्हाळ्यात गंगाखेडच्या घाटावर उभे राहिले, की गोदावरीच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच अधिक दिसते. अशाच एका उन्हाळ्यात तेथील शिक्षकांशी पृथ्वीच्या तापमानवाढीविषयी बोलण्याचा योग आम्हाला आला. व्याख्यान संपल्यावर एक निवृत्त गुरुजी उठले आणि म्हणाले, "बहात्तरचा दुष्काळ आम्ही भोगला आहे. तेव्हा तापमानवाढीचे नावही कोणी घेत नव्हते. मग आता प्रत्येक दुष्काळाला हेच कारण कसे? आणि माणसाने असे किती कोळसे जाळले, की पृथ्वीच तापावी?"

प्रश्न रोखठोक होता. अशा प्रश्नाला 'सर्व शास्त्रज्ञांचे यावर एकमत आहे' असे उत्तर देणे सोपे असते. पण ते शिक्षकाचे उत्तर नव्हे. शंका कोणत्या पुराव्याने फिटते आणि कोणती अजून उरते, हे विद्यार्थ्याला दिसले पाहिजे. म्हणून गुरुजींच्या दोन्ही प्रश्नांकडे क्रमाने पाहू. आधी दुसरा घेऊ.

चिमूटभर वायूची करामत

हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण जेमतेम 0.04 टक्के आहे. एवढासा वायू काय करणार, ही नेहमीची शंका. परंतु कोरड्या हवेचा 99 टक्के भाग नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा असतो आणि हे दोन्ही वायू जमिनीतून बाहेर पडणारी उष्णता, म्हणजे अवरक्त किरण, जवळजवळ शोषत नाहीत. ते काम उरलेल्या थोड्या वायूंनाच करावे लागते. जॉन टिंडाल यांनी 1859 मध्ये हे प्रयोगाने दाखवले. हे वायू नसते तर पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे 15 अंशांऐवजी उणे 18 अंश सेल्सिअस असते. कार्बन डायऑक्साइड वाढला तर तापमान किती वाढेल, याचे गणित स्वांटे अऱ्हेनियस यांनी 1896 मध्येच मांडले होते. थोडक्यात, ही कल्पना संगणकाच्या जन्माआधीची आहे.

'बाष्प तर याहून मोठा हरितवायू आहे' असाही आक्षेप घेतला जातो. तो खराच आहे. पण हवेत बाष्प किती राहील हे तापमान ठरवते. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे 7 टक्के अधिक बाष्प धरू शकते. म्हणजे बाष्प तापमानवाढीची सुरुवात करत नाही. सुरू झालेली वाढ ते वाढवते.

हा कार्बन माणसाचाच कशावरून?

औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दशलक्ष भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे 280 भाग होते. चार्ल्स कीलिंग यांनी 1958 मध्ये हवाई बेटावरील मौना लोआ येथे मोजणी सुरू केली तेव्हा ते 315 होते. आज हा आकडा 420 च्या वर आहे. ही भर ज्वालामुखींची नसेल कशावरून?

येथे समस्थानिके साक्ष देतात. वनस्पती हवेतून कार्बन घेताना हलका कार्बन-12 पसंत करतात, त्यामुळे त्यांच्यापासून बनलेल्या कोळशात व खनिज तेलात कार्बन-13 कमी असतो. हवेतील कार्बन-13 चे प्रमाण घटत चालले आहे. म्हणजे वाढीव कार्बन वनस्पतिजन्य आहे, ज्वालामुखीचा नव्हे. तो आजच्या झाडांचा की पुरातन? कार्बन-14 चा अर्धायुकाल सुमारे 5,730 वर्षे आहे, म्हणून कोट्यवधी वर्षांच्या कोळशात तो शिल्लकच नसतो. अणुचाचण्यांनी भर घालण्यापूर्वीच हवेतील कार्बन-14 चे प्रमाण पातळ होत असल्याचे हान्स स्यूस यांना 1950 च्या दशकात वृक्षवलयांवरून आढळले. शिवाय ज्वलनात खर्च व्हावा तसा हवेतील ऑक्सिजनही किंचित घटत आहे. तिन्ही साक्षी एकाच आरोपीकडे बोट दाखवतात.

आता सूर्याविषयी. उपग्रह 1978 पासून सूर्याची ऊर्जा मोजत आहेत. अकरा वर्षांच्या सौरचक्रात ती सुमारे 0.1 टक्क्याने कमी-जास्त होते; पण एकंदरीत चढ दिसत नाही. आणखी एक खूण आहे. सूर्य तापला असता तर वातावरणाचे खालचे व वरचे दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि वरचा स्थितांबर थंड होतो आहे. हरितवायू वाढल्यास असेच व्हावे, हे मानाबे व वेदरॅल्ड यांच्या 1967 च्या गणिताने आधीच दाखवले होते.

चुका दोन्हीकडे

पण शास्त्रज्ञ चुकत नाहीत का? चुकतात. आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या 2007 च्या अहवालात हिमालयातील हिमनद्या 2035 पर्यंत नाहीशा होऊ शकतील, असे विधान होते. त्याला आधार नव्हता. भारताच्या पर्यावरण मंत्रालयाने 2009 मध्ये भूवैज्ञानिक विजयकुमार रैना यांचा निबंध प्रसिद्ध केला आणि वाद पेटला. जानेवारी 2010 मध्ये समितीने चूक मान्य केली. शंका घेणारे येथे बरोबर होते. मात्र याचा अर्थ हिमनद्या सुरक्षित आहेत असा नव्हे. उपग्रहांच्या छायाचित्रांवरून हिमालयातील बर्फ घटण्याचा वेग सन 2000 नंतर आधीच्या पाव शतकाच्या सुमारे दुप्पट झाल्याचे 2019 मध्ये दिसून आले.

उलट बाजूचे उदाहरणही पाहा. अमेरिकेतील रॉय स्पेन्सर व जॉन क्रिस्टी यांच्या उपग्रह-नोंदींत 1990 च्या दशकात खालचा थर फारसा तापत नसल्याचे दिसे. संशयवाद्यांचा तो मोठा आधार होता. उपग्रहांची कक्षा हळूहळू खाली येते, हे हिशेबात धरले नसल्याचे 1998 मध्ये लक्षात आले. मोजणीची वेळ सरकत जाते, त्या दुरुस्तीतील चूक 2005 मध्ये सापडली. दोन्ही दुरुस्त्यांनंतर त्याच नोंदीत तापमानवाढ दिसू लागली. चूक दोन्हीकडे झाली आणि दोन्हीकडे पकडली गेली. विज्ञानाचे सामर्थ्य याच पकडण्यात आहे.

मग बहात्तरचे काय?

आता गुरुजींचा पहिला प्रश्न. येथे त्यांच्या शंकेत मोठे तथ्य आहे. 1972 आणि 2015 ही दोन्ही एल निन्योची वर्षे होती. प्रशांत महासागर तापला की आपला पाऊस बहुधा रुसतो. हा निसर्गाचा जुना हेलकावा आहे. कोणा एका दुष्काळावरून तापमानवाढ सिद्ध होत नाही, आणि जुन्या दुष्काळावरून ती खोटीही ठरत नाही. पाहायचा असतो तो अनेक वर्षांचा कल.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी 2020 च्या अहवालात असा कल मांडला. 1901 ते 2018 या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे 0.7 अंशाने वाढले. 1951 ते 2015 मध्ये मोसमी पाऊस सुमारे 6 टक्क्यांनी घटला. हे थोडे कोड्यात टाकणारे आहे, कारण हरितवायूंमुळे पाऊस वाढायला हवा. धूर व धुळीच्या सूक्ष्म कणांनी ऊन अडवून मोसमी वारे मंदावले असावेत, असे यावरचे मुख्य स्पष्टीकरण आहे. पुढे पाऊस नेमका किती बदलेल, याविषयी प्रारूपांत मतभेद आहेत. खरी चर्चा चालू आहे ती अशा प्रश्नांवर. माणसामुळे पृथ्वी तापते की नाही, यावर नव्हे.

पावसाची तऱ्हा मात्र बदलली आहे. बी. एन. गोस्वामी व सहकाऱ्यांनी 2006 मध्ये मध्य भारताच्या 1951 ते 2000 च्या नोंदी तपासल्या. एकूण पावसात ठळक बदल नव्हता. पण मुसळधार पावसाच्या घटना वाढल्या होत्या आणि मध्यम पावसाच्या घटल्या होत्या. त्यांनी आखलेल्या चौकटीत गंगाखेडही येते.

वर्गात काय करावे?

दोन बाटल्या, एकीत कार्बन डायऑक्साइड, वर दिवा, आणि तापमापकात फरक, हा प्रयोग अनेक पुस्तकांत असतो. तो जपून करावा. त्यातील फरक बव्हंशी जड वायूत अभिसरण मंदावल्याने पडतो, अवरक्त किरण शोषल्याने नव्हे. बरोबर उत्तर चुकीच्या कारणाने मिळाले तर ते शिकणे नव्हे.

त्यापेक्षा तहसील कार्यालयातून पर्जन्यमापकाच्या जुन्या नोंदी मिळवाव्यात. दरवर्षीचा एकूण पाऊस, पावसाचे दिवस आणि 65 मिलिमीटरहून अधिक पावसाचे दिवस असे तीन आलेख मुलांकडून काढून घ्यावेत. त्यावर दहा वर्षांची सरकती सरासरी काढावी. एका केंद्राच्या नोंदीत कल कदाचित दिसणारही नाही. एका मापकावरून का सांगता येत नाही, हाही धडाच आहे.

याचे महत्त्व केवळ परीक्षेपुरते नाही. विहीर आटली की सारा दोष तापमानवाढीवर टाकला, तर उसाला पाजलेले पाणी, खोल जाणाऱ्या कूपनलिका आणि जायकवाडीच्या पाण्याचे वाटप यांचा हिशेब कोणी मागणार नाही. आणि तापमानवाढ थोतांड म्हणून सोडून दिली, तर एका दिवसात कोसळणाऱ्या पावसासाठी आपले बांध, नाले आणि पिकांची निवड तयार राहणार नाही. शेतकऱ्याच्या मुलाला दोन्ही गोष्टी कळायला हव्यात.

गुरुजींना आम्ही एवढेच म्हणालो, "तुमची शंका सोडू नका. फक्त ती दोन्ही बाजूंना सारखी लावा."