दूरस्थ सर्व्हर आणि आभासी ड्राइव्ह

‘आभासी’ हे विशेषण मराठीत काहीसे फसवे आहे. जे नाही ते दिसणे, हा त्याचा रूढ अर्थ. दूरस्थ सर्व्हरच्या आभासी ड्राइव्हमध्ये मात्र नसते ती केवळ चकती. सर्व्हरच्या लेखी ड्राइव्ह असतोच.

सर्व्हरच्या मदरबोर्डवर बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर नावाचा एक लहानसा स्वतंत्र संगणक बसविलेला असतो. मुख्य यंत्र बंद असले तरी विजेचा पुरवठा असेपर्यंत तो जागा राहतो. डेलचा आयड्रॅक व एचपीईचा आयएलओ ही त्याची परिचित उदाहरणे होत. व्यवस्थापकाने आपल्या संगणकावरील आयएसओ फाइल त्यास जोडून दिली, की तो मुख्य यंत्रापुढे यूएसबी सीडी ड्राइव्ह म्हणून उभा राहतो. त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिम नसलेले कोरे यंत्रही त्यावरून सुरू करता येते.

यावरून फाइल सर्व्हरकडे ‘पाठविली’ गेली, असा समज होतो. तो चुकीचा आहे. फाइल जागची हलत नाही. सीडीवरील मजकूर २,०४८ बाइटांच्या खंडांत विभागलेला असतो. यंत्र लागतील तेवढेच खंड मागते आणि दर मागणीस जाळ्यावरून एक फेरी घडते. एका फेरीस पाव सेकंद लागतो व तीत ६४ किलोबाइट येतात असे धरले, तर सेकंदास २५६ किलोबाइटच पदरी पडतात. मग ४ गिगाबाइटांची फाइल समग्र वाचावयास साडेचार तासांहून अधिक काळ लागेल. जाळ्याची क्षमता वाढवून हा विलंब टळत नाही, कारण तो अंतराचा आहे. तेवढ्यात व्यवस्थापकाचा संगणक झोपी गेला, तर चालू वाचनातून चकती काढून घेतल्यासारखे होते. जुनी सिस्टिम तोवर पुसली गेली असेल, तर सर्व्हर ना जुना राहतो ना नवा.

म्हणून फाइल सर्व्हरच्याच आवारातील एखाद्या एनएफएस साठ्यावर ठेवून कंट्रोलरला तेथून जोडावयास सांगणे इष्ट. ही सोय अनेक कंट्रोलरांत आहे. काहींत तीकरिता निराळा परवाना विकत घ्यावा लागतो, हे मात्र खरेदीच्या वेळी सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही!

ज्याच्या हाती हा ड्राइव्ह, त्याच्या हाती सारे यंत्र. २०१९ साली एक्लिप्सियम या संस्थेने सुपरमायक्रोच्या काही सर्व्हरांतील आभासी माध्यम सेवेचे दोष उघड केले. तेथे वापरकर्त्याचे नाव व परवलीचा शब्द उघड्या रूपात पाठविण्यास मुभा होती. कंपनीने सुधारित फर्मवेअर दिले. तथापि कंट्रोलरचे जाळे सार्वजनिक इंटरनेटपासून अलग ठेवण्याची गरज त्याने संपली नाही.