ओटीपोटातील गाठींचे निदान आणि सोनोग्राफीच्या साहाय्याने सुई-बायोप्सी : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

स्त्रीच्या ओटीपोटात गाठ, पोटात पाणी आणि रक्तात सीए-१२५ चे वाढलेले प्रमाण ही लक्षणे एकत्र आढळली, की बीजांडकोशाच्या कर्करोगाचा संशय प्रथम येतो. तो स्वाभाविकच आहे. परंतु उदरपोकळीच्या क्षयरोगातही हेच चित्र दिसू शकते. कर्करोगास शस्त्रक्रिया व केमोथेरपी लागते. क्षयरोग बहुतेक वेळा किमान सहा महिन्यांच्या औषधांनी बरा होतो. कर्करोग समजून पोट उघडले आणि क्षयरोग निघाला, अशा रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात वारंवार आढळतात. काही स्त्रियांचे बीजांडकोशही त्यात विनाकारण गेले आहेत.

हा प्रसंग सुईने टाळता येतो. प्रथम रक्त गोठण्याची क्षमता तपासली जाते. त्वचा बधिर करून, सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईचे टोक सतत पाहत ती गाठीत नेली जाते. वाटेतील रक्तवाहिन्या डॉप्लरने ओळखून टाळल्या जातात. गाठ खोल असल्यास योनिमार्गातून जावे लागते; ओमेंटम या चरबीयुक्त पडद्यात रोग पसरला असेल, तर तेथील तुकडा घेणे अधिक सोपे. बारीक सुईने केवळ पेशी मिळतात. १८ गेजच्या सुईने मात्र ऊतीचा सलग तुकडा मिळतो व निदान अधिक नेमके होते. मोठी भूल लागत नाही. काही तासांच्या देखरेखीनंतर रुग्ण सहसा घरी जाऊ शकते.

तथापि प्रत्येक गाठीत सुई घालणे योग्य नव्हे. बीजांडकोशापुरती मर्यादित, संशयास्पद गाठ टोचल्यास कर्करोगाच्या पेशी उदरपोकळीत सांडण्याचा धोका असतो. अशी गाठ अखंड काढणेच इष्ट. सुईची खरी जागा रोग पसरलेला दिसत असताना, रुग्ण शस्त्रक्रियेस असमर्थ असताना किंवा क्षयरोगाची शंका असताना आहे.

उमरखेड वा झरी-जामणीसारख्या दूरच्या तालुक्यातील शेतमजूर स्त्रीस हा विवेक विशेष मोलाचा आहे. ऐन कापूस वेचणीत पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाल्यास तिची कित्येक आठवड्यांची मजुरी बुडते. यवतमाळ येथे १९८९ पासून श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. क्ष-किरण, स्त्रीरोग व विकृतिशास्त्र या तीन शाखांनी सुई घालण्यापूर्वीच एकत्र विचार करणे अगत्याचे असते. याचे एक साधे कारण तुकडा ठेवण्याच्या बाटलीत आहे. सर्व तुकडे सवयीने फॉर्मॅलिनमध्ये टाकले, तर क्षयजंतूंचे संवर्धन करता येत नाही. म्हणून एक तुकडा निर्जंतुक सलाइनमध्ये ठेवून संवर्धन व सीबीनॅट चाचणीसाठी पाठवावा लागतो.

अहवालात कर्करोग आढळला नाही, एवढ्यावरून तो नाही असेही ठरत नाही. तुकडा अपुरा असल्यास किंवा अहवाल रुग्णाच्या लक्षणांशी जुळत नसल्यास पुन्हा बायोप्सी अथवा दुर्बिणीद्वारे तपासणी करावी लागते.