स्वादुपिंड आणि मूत्रपिंड एकत्र बदलल्यावर पहिले दिवस जोखमीचे का?



कणकुंबी-जांबोटी भागात असो की बेळगाव, निपाणी, गोव्यात स्थायिक झालेल्या आपल्या घरांत, ‘शुगर’ आता कुणाला नवी नाही. काहींची मूत्रपिंडे त्यामुळे निकामी होऊन डायलिसिस सुरू होते. अशा वेळी मोठ्या शहरातले डॉक्टर काही रुग्णांना मूत्रपिंडासोबत स्वादुपिंडही बदलायचे सुचवतात. त्यात धोका कुठे असतो, हे घरच्यांना आधी कळावे म्हणून आम्ही हा लेख देत आहोत.

शस्त्रक्रिया कुणासाठी?

मुख्यतः टाइप १ मधुमेह असलेल्या, म्हणजे स्वतःचे इन्सुलिन जवळपास तयारच न होणाऱ्या आणि मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांसाठी. टाइप २ च्या निवडक रुग्णांचाच विचार होतो. दोन्ही अवयव बहुधा एकाच मेंदूमृत दात्याकडून येतात. पहिली अशी शस्त्रक्रिया अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९६६ च्या डिसेंबरात झाली. ती यशस्वी झाली तर डायलिसिस आणि इन्सुलिनची सुई दोन्ही सुटतात. त्या बदल्यात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कायमची घ्यावी लागतात.

स्वादुपिंड लवकर का निकामी होते?

सर्वांत मोठे कारण म्हणजे रक्ताची गुठळी. स्वादुपिंडात रक्त मुळातच संथ वाहते. दात्याची प्लीहा काढून टाकल्यावर तिच्याकडे जाणारी रक्तवाहिनी एका टोकाला बंद होते आणि तिथे रक्त साचते. हाताळणीने अवयवाला सूज आली की प्रवाह आणखी मंदावतो. म्हणून पहिला आठवडा सर्वांत नाजूक. शिवाय रक्तस्राव, आतड्याशी जोडलेल्या ठिकाणी गळती, पोटात जंतुसंसर्ग आणि शरीराने अवयव नाकारणे हीही कारणे असतात.

धोका कशाने वाढतो?

दात्याकडून: वय जास्त असणे, लठ्ठपणा, मेंदूतील रक्तस्राव किंवा पक्षाघाताने झालेला मृत्यू. अपघातात गेलेल्या तरुण, सडपातळ दात्याचे स्वादुपिंड सहसा चांगले टिकते.

वेळेकडून: अवयव थंड द्रावणात जितका जास्त वेळ राहील तितका धोका वाढतो. स्वादुपिंड शक्यतो १२ तासांच्या आत बसवावे असा प्रयत्न असतो. अवयवासाठी रस्ता मोकळा करतात तो याचसाठी.

रुग्णाकडून: बीएमआय ३० च्या वर असणे, धूम्रपान, हृदयाचा किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, रक्त गोठण्याची जास्त प्रवृत्ती. शस्त्रक्रियेनंतर रक्तदाब फार उतरला किंवा शरीरातले पाणी कमी झाले तरी गुठळीचा धोका वाढतो.

मूत्रपिंडाबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ते कधीकधी उशिरा ‘जागे’ होते आणि काही दिवस डायलिसिस लागते. तेवढ्यावरून ते गेले असे समजू नये. स्वादुपिंड गमावले तर ते काढून पुन्हा इन्सुलिन सुरू करतात. पण मूत्रपिंड पुढे चालू राहू शकते.

घरच्यांनी काय करावे?

नावनोंदणीआधी हृदयाची पूर्ण तपासणी करावी, तंबाखू सोडावी, वजन उतरवावे. पहिले काही महिने रुग्णालयाजवळ खोली घेऊन राहावे. पावसाळ्यात जांबोटीच्या रस्त्यावर झाड आडवे पडले किंवा चोर्ला घाटात दरड आली, तर मोलाचे तास जातात.

ताप, पोटदुखी, लघवी कमी होणे किंवा लाल होणे, साखर एकाएकी चढणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. साखर चढेपर्यंत बरेचदा उशीर झालेला असतो, म्हणून ठरलेल्या रक्ततपासण्या चुकवू नयेत. दोन्ही अवयव एकाच दात्याचे असल्याने क्रिएटिनिन वाढले की स्वादुपिंडाकडेही लक्ष द्यावे लागते.

टॅक्रोलिमस रोज ठरल्या वेळी घ्यावे. दुकानातून आणलेली वेदनाशामके, गावठी काढे आणि डॉक्टरांना न विचारता घेतलेली अँटिबायोटिक टाळावीत. चतुर्थीच्या माटोळीतले तोरंजनही खाऊ नये. त्याने रक्तातील औषधाचे प्रमाण बिघडते.

नोंदणी कुठे?

आपण सीमेवरचे लोक. एक घर कर्नाटकात, दुसरे महाराष्ट्रात. केंद्र सरकारने २०२३ मध्ये नोंदणीसाठी रहिवासाची अट काढावी असे राज्यांना कळवले. कर्नाटकात हे काम जीवसार्थकथे पाहते, तर महाराष्ट्रात विभागीय समन्वय केंद्रे. रुग्णालयातील प्रत्यारोपण समन्वयकाला नियम विचारून मगच नाव नोंदवावे.

शेवटी एक विनंती. हे अवयव कुणाच्या तरी घरातून येतात. मरणोत्तर अवयवदानाबद्दल आपली इच्छा काय आहे, ते आपल्या माणसांना आजच सांगून ठेवा. त्या कठीण घडीला उत्तर त्यांनाच द्यावे लागते.