सायबर संरक्षण : आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण व सहकार्य

संगणक, संगणकजाले व त्यांत साठविलेली माहिती यांवर होणारे हल्ले ओळखणे, ते थोपविणे, झालेली हानी भरून काढणे आणि हल्लेखोरांचा माग काढणे या कार्यांस सायबर संरक्षण म्हणतात. संगणकजाल राष्ट्रीय सीमा मानीत नसल्याने हे कौशल्य एका देशापुरते राखून चालत नाही. संयुक्त सराव, प्रशिक्षण, इशाऱ्यांची देवघेव आणि कायदेशीर साहाय्य या मार्गांनी ते अनेक राष्ट्रांत समाईक केले जाते. या सहकार्याचे अखेरचे टोक जिल्हा हे होय. परभणीसारख्या जिल्ह्यात एखाद्या खातेदाराची रक्कम लुबाडली गेल्यास तक्रार तेथील पोलीस ठाण्यात येते. परंतु पैसा, पुरावा व आरोपी पुष्कळदा अन्य राज्यांत किंवा परदेशांत असतात.

पूर्वेतिहास : नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म या आज्ञावलीने अमेरिकेतील हजारो संगणक ठप्प केले. त्यानंतर लगेच पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकीय आणीबाणीस तोंड देणारे पहिले पथक स्थापन झाले. पुढील वर्षी दुसरा हल्ला झाला, तेव्हा वेगवेगळ्या देशांतील पथकांना भाषा, कार्यालयीन वेळा व कार्यपद्धती यांतील भेदांमुळे परस्परांशी संपर्क साधणे अवघड गेले. या अनुभवातून १९९० मध्ये ‘फर्स्ट’ ही अशा पथकांची जागतिक संघटना निर्माण झाली. आशिया-पॅसिफिक प्रदेशातील पथकांची ‘एपीसर्ट’ ही संघटना २००३ मध्ये स्थापन झाली. ‘सर्ट-इन’ या संक्षिप्त नावाने परिचित असलेले भारताचे राष्ट्रीय पथक जानेवारी २००४ पासून कार्य करीत आहे.

पथकांमधील माहितीची देवघेव विश्वासावर चालते. त्यासाठी संदेशांना रंगांची खूण देण्याचा संकेत रूढ आहे. तांबड्या खुणेचा संदेश केवळ प्रत्यक्ष प्राप्तकर्त्यांपुरता असतो. पिवळसर व हिरव्या खुणांचे संदेश क्रमाने अधिक मोठ्या वर्तुळात देता येतात. गुपित फुटणार नाही अशी खात्री असल्यानेच एखादी बँक किंवा राष्ट्र आपल्यावरील हल्ल्याची माहिती इतरांना देण्यास धजते.

महाराष्ट्रातील अनुभव : २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील एका हिशेबाच्या आज्ञावलीमार्फत पसरलेल्या नॉटपेट्या या हल्ल्यामुळे मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरातील व्यवहार कोलमडले आणि न्हावा-शेवा बंदरातील तिच्याकडील माल-धक्क्याचे कामही ठप्प झाले. युक्रेनशी या बंदराचे भांडण नव्हते; तरीही फटका बसला.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेला हल्ला अधिक बोलका आहे. एटीएममध्ये कार्ड घातले असता त्याविषयीची पृच्छा बँकेच्या मध्यवर्ती संगणकाकडे जाते व तेथून होकार आल्यावरच यंत्र पैसे देते. हल्लेखोरांनी या दोहोंमधील दुव्यात शिरकाव करून स्वतःची बनावट यंत्रणा बसविली. त्यामुळे पृच्छा मध्यवर्ती संगणकापर्यंत न पोहोचता तिला परस्पर होकार मिळू लागला. बनावट कार्डे वापरून ११ ऑगस्ट रोजी काही तासांत २८ देशांमधून सु. ७८ कोटी रु. व भारतातून सु. २·५ कोटी रु. काढण्यात आले. १३ ऑगस्ट रोजी स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँक-संदेशप्रणालीद्वारे आणखी १३·९२ कोटी रु. हाँगकाँगमधील एका खात्यात वळविण्यात आले. एकूण रक्कम ९४·४२ कोटी रु. भरली.

विशेष हे की, अशाच रीतीने जगभरातील एटीएम रिकामी करण्याचा बेत शिजत असल्याचा गोपनीय इशारा अमेरिकेच्या एफबीआय या अन्वेषण संस्थेने १० ऑगस्ट रोजीच बँकांना दिला होता. इशारा निघणे आणि त्याचा अर्थ जाणून काही तासांत कृती करणारी व्यक्ती प्रत्येक बँकेत असणे, या दोन भिन्न गोष्टी होत. या प्रकरणी पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरविले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ मध्ये या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. तेथवर मात्र महाराष्ट्रातील तपास यंत्रणेचा हात पोहोचणे शक्य नव्हते.

सराव व प्रशिक्षण : एस्टोनियावरील २००७ च्या हल्ल्यांनंतर त्या देशाच्या टाल्लिन या राजधानीत नाटोशी संलग्न असे सायबर संरक्षण केंद्र उभारण्यात आले. २०१० पासून तेथे ‘लॉक्ड शील्ड्स’ हा वार्षिक सराव होतो. त्यात तांबडा गट एका काल्पनिक देशाच्या वीज, पाणी, बँका इत्यादींच्या संगणकजालांवर हल्ला करतो व निळे गट त्यांचे रक्षण करतात. तांत्रिक कामगिरीबरोबरच कायदेशीर सल्ला, वृत्तपत्रांना द्यावयाची माहिती व वरिष्ठांकडे पाठवावयाचे अहवाल यांसही गुण दिले जातात. कारण प्रत्यक्ष संकटात यांपैकी कोणताही दुवा निसटू शकतो.

रॅन्समवेअर म्हणजे माहिती अडवून खंडणी मागणाऱ्या आज्ञावली. त्यांविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमांतर्गत सर्ट-इनने सिंगापूरच्या सहकार्याने ऑगस्ट २०२२ मध्ये १३ राष्ट्रांसाठी ‘सिनर्जी’ हा सराव घेतला. भारताकडे जी-२० चे अध्यक्षपद असताना जून २०२३ मध्ये मुंबईत रिझर्व्ह बँकेच्या सहकार्याने बँक क्षेत्रासाठी असाच सराव झाला. भारत केवळ प्रशिक्षण घेणारा देश नाही. १९६४ मध्ये सुरू झालेल्या भारतीय तांत्रिक व आर्थिक सहकार्य कार्यक्रमाखाली विकसनशील देशांतील अधिकाऱ्यांना येथे सायबर सुरक्षेचे शिक्षण दिले जाते.

कायदेशीर साहाय्य : परदेशातील पुरावा न्यायालयात ग्राह्य ठरावा म्हणून तो विनंतिपत्राद्वारे व परस्पर साहाय्य करारांनुसार मागवावा लागतो. यास महिने, क्वचित वर्षे लागतात. संगणकीय नोंदी मात्र लवकर पुसल्या जातात. याच कारणास्तव सर्ट-इनने एप्रिल २०२२ मध्ये ठराविक घटनांची खबर सहा तासांत देणे व नोंदी १८० दिवस जतन करणे बंधनकारक केले. सायबर गुन्ह्यांविषयीचा बूडापेस्ट करार २००१ मध्ये झाला; भारत त्याचा सदस्य झालेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०२४ मध्ये स्वीकृत केलेल्या सायबर गुन्हेविषयक करारात तांत्रिक साहाय्य व प्रशिक्षण यांसंबंधी स्वतंत्र तरतुदी आहेत.

जिल्हा पातळी : परभणी जिल्ह्यात नऊ तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १८,३६,०८६ होती. महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०१६ मध्ये सर्व जिल्ह्यांसाठी पोलिसांच्या सायबर प्रयोगशाळा सुरू केल्या. फसवणूक झालेल्या नागरिकाने १९३० या क्रमांकावर कळविल्यास तक्रार संबंधित बँकेकडे जाते. रक्कम खात्यात शिल्लक असल्यास ती गोठविली जाते. पुढे गेली असल्यास तक्रार पुढील बँकेकडे धाडली जाते. ही साखळी पैशाच्या वेगाने चालली तरच रक्कम हाती लागते. पैसा एकदा देशाबाहेर गेला म्हणजे उपाय पुन्हा विनंतिपत्राचाच उरतो.

माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७८ नुसार या अधिनियमाखालील गुन्ह्यांचा तपास निरीक्षक किंवा त्याहून वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यानेच करावयाचा असतो. साहजिकच जिल्ह्यातील तपासाचा भार थोड्या व्यक्तींवर पडतो. ‘सायट्रेन’ या केंद्रीय पाठ्यक्रमामुळे पोलिसांना आपल्या ठाण्यातच शिक्षण घेता येते. तथापि प्रशिक्षित अधिकाऱ्याची बदली झाल्यास कौशल्यही त्याच्याबरोबर जाते. आंतरराष्ट्रीय सरावांतून राष्ट्रीय पथके परस्परांस ओळखू लागली आहेत. हीच ओळख राष्ट्रीय पथक, बँक व जिल्हा पोलीस यांच्यात जितकी दृढ होईल, तितके त्या सरावांचे फळ सामान्य खातेदाराच्या पदरात पडेल.