एका प्रतीचं दैनिक

दैनिकाचा खप म्हटला की आपण हजारांत, लाखांत बोलतो. अमळनेरात शंभरेक वर्षांपूर्वी एका दैनिकाची रोजची प्रत निघायची एक. एक लाख नव्हे, एक हजारही नव्हे. नुसती एक.

नाव ‘छात्रालय’. हस्तलिखित. संपादक, बातमीदार, जुळारी, मुद्रितशोधक हे सगळे मिळून माणूस एकच, पांडुरंग सदाशिव साने. ‘गुरुजी’ म्हणून महाराष्ट्राच्या तोंडी बसण्याआधीचे, अमळनेरच्या हायस्कुलातले साने सर.

अमळनेर हे खानदेशातलं, बोरी नदीकाठचं गिरणीचं गाव. गिरणी काढली मोतीलाल माणेकचंद ऊर्फ प्रताप शेठ यांनी, आणि कापडाच्या पैशातून याच शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिरही उभं केलं! जगात गिरण्यांची गावं पुष्कळ सापडतील, पण गिरणीमालकाने वेदान्ताच्या अभ्यासाची सोय केलेलं गाव शोधावंच लागेल. मूळचे कोकणातले, पालगडचे साने आले ते इथे तत्त्वज्ञान शिकायलाच. तिथे मन रमेना, तेव्हा 1924 साली ते शाळेत शिक्षक झाले. पुढे वसतिगृह त्यांच्याकडे आलं आणि तिथल्या मुलांसाठी हे दैनिक सुरू झालं.

हाताने का लिहायचं? जरा त्या काळच्या छापखान्यात डोकावू. इंग्रजी जुळवायला अक्षरं सव्वीस, लहान-मोठी धरून बावन्न. मराठीत काना, मात्रा, वेलांटी, रफार, जोडाक्षरं. खिळ्यांचे, म्हणजे जुळवायच्या सुट्या अक्षरांचे, प्रकार शेकड्यांत जात. जुळारी एकेक खिळा उचलून ओळ बांधणार, पान बांधणार, छापून झालं की तेच खिळे पुन्हा आपापल्या घरात सोडणार. हे रोज, आणि तेही मूठभर वाचकांसाठी? वेड लागेल. त्यापेक्षा मिनिटाला वीस शब्दांनी हजार शब्दांचा अंक धरा. पन्नास मिनिटांत अंक तयार. खिळा नाही, शाई फासणं नाही, टपाल नाही. वाचक त्याच छपराखाली झोपलेले.

खरी गंमत मात्र ‘दैनिक’ या शब्दात आहे. हस्तलिखित मासिकं शाळाशाळांतून निघायची. महिन्यातून एकदा सुबक अक्षर काढायला कोणीही बसेल. उद्या पुन्हा, परवा पुन्हा, वर्गावर शिकवून, मुलांची आजारपणं काढून पुन्हा, हे अवघड. शिवाय हा संपादक ज्यांच्याविषयी लिहिणार तेच त्याचे वाचक, जेवायला शेजारी बसणारे. असल्या पंगतीत थाप मारून चालत नाही.

हाताने लिहिलेलं दैनिक म्हणजे निव्वळ खानदेशी खूळ, असंही नाही. चेन्नईत 1927 साली ‘द मुसलमान’ हे उर्दू दैनिक निघालं. त्याची पानं कातिब, म्हणजे सुलेखनकार, टाकाने लिहीत, पण त्यावरून पुढे छपाई होई. ‘छात्रालय’चं सगळं हाताने लिहिलेल्या त्या कागदावरच संपे. आणि छापील अक्षराचं वेड खानदेशाला आधीपासून होतंच. जळगावहून नारायण नरसिंह फडणीसांनी 1887 साली फक्त कवितेला वाहिलेलं मासिक काढलं, ‘काव्यरत्नावली’, आणि ते 1935 पर्यंत चाललं. केळी-कापसाच्या मुलखात नुसत्या कवितांवर 48 वर्षं!

1930 साली साने गुरुजी शाळा सोडून सत्याग्रहात उतरले. पुढे छापील पत्रंही त्यांनी काढली. 1938 साली अमळनेरहून ‘काँग्रेस’ साप्ताहिक, 1948 साली मुंबईत ‘कर्तव्य’ नावाचं अल्पायुषी सायंदैनिक आणि त्याच वर्षी 15 ऑगस्टला ‘साधना’, जे आजही निघतं. पण मला या सगळ्याहून जास्त ओढ आहे ती धुळ्याच्या तुरुंगाची.

साल 1932. तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत. 21 फेब्रुवारी ते 19 जून. कॅलेंडर घेऊन मोजा, बरोबर अठरा रविवार भरतात. गीतेचे अध्यायही अठरा. आवाज टिपून ठेवणारं यंत्र तिथे कुठलं! विनोबा बोलत गेले आणि साने गुरुजी लिहीत गेले, बोलण्याच्या वेगाने. कैद्यांसमोर झालेल्या त्या बोलण्याचं पुढे ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झालं, आणि कितीतरी भाषांत गेलं. त्याची पहिली प्रतही हस्तलिखितच होती, अमळनेरच्या वसतिगृहातल्या संपादकाच्या हातची.